आधी खुर्ची, मग मैदान

दीर्घ मानसिक आजारातून सावरणारी, पण एकट्याने राहण्याआधी थोडा आधार लागणारी माणसं हाफवे होममध्ये राहतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा निवासांची सोय करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. सकाळची कवायत तिथे बहुधा असते. पण रांगेत उभं करून हातवारे करून घेतल्याने अंग हलतं, एवढंच; स्वतःवरचा विश्वास वाढत नाही.

‘हे मला जमेल’ ही भावना कुठून येते? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये तिचे चार स्रोत सांगितले: स्वतःला जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहणं, इतरांनी दिलेला हुरूप आणि शरीरातल्या खळबळीचा आपण लावलेला अर्थ. पहिला स्रोत सगळ्यांत दमदार. शाब्बासकी तिसऱ्यात मोडते, आणि ती फुकटची असेल तर निवाशांना लगेच कळतं.

म्हणून सुरुवात मोजता येण्याजोग्या कामाने करावी. साधारण 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर घेऊन 30 सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते पाहायचं. आठ वेळा जमलं, तर पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोनच संच, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस. ठरवलेलं हमखास पुरं व्हावं, म्हणूनच ते कमी ठेवायचं. आकडा ज्याचा त्याने आपल्या वहीत लिहावा. सगळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला, की तळाचे दोघे यायचेच बंद होतात. जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या व्यायामाची शिफारस योग्यच आहे, पण पहिल्या महिन्यात तिचा उच्चारही नको. दहा मिनिटं चालणं पुरे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने.

घोळ होतो तो बहुतेक वेळा गोळ्यांमुळे. रात्री ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही गंभीर मानसिक आजारावरची, झोप आणणारी औषधं घेणारा माणूस सकाळी सहाला पेंगतो आणि त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. वर्ग दहाला किंवा संध्याकाळी ठेवून पाहावा. याच औषधांनी झटकन उठताना रक्तदाब उतरू शकतो, त्यामुळे खुर्चीच्या व्यायामाआधी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा तो मोजायलाच हवा. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला चढू शकतं. त्यांना उन्हात पळवू नये, आणि सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं.

चौथा स्रोत सहसा दुर्लक्षिला जातो. घबराटीचे झटके येऊन गेलेल्या माणसाला छातीतली धडधड म्हणजे संकटच वाटतं. ‘आता धडधडेल, थांबल्यावर उतरेल’ असं आधीच सांगून त्यालाच नाडी मोजायला लावली, की त्या धडधडीचा अर्थ हळूहळू बदलतो.

सांघिक खेळ यानंतर. 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे सुरू झालेल्या बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाचे नियम इथे उपयोगी पडतात (नागपूरच्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेमुळे ही स्पर्धा आपल्याकडेही परिचित आहे). 22 बाय 16 मीटरचं मैदान, एका बाजूला चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा. चेंडू प्रत्येकाकडे येतो आणि दमलेल्याला मान खाली न घालता बाहेर बसता येतं. कबड्डी मात्र घाईने आणू नये, कारण मारहाण सोसलेल्यांना पकडलं जाणं असह्य होऊ शकतं. लगोरी बरी.

तिसऱ्या महिन्यापर्यंत शिट्टी, गुणवही आणि चेंडूच्या कपाटाची किल्ली आळीपाळीने निवाशांकडे द्यावी. प्रशिक्षक रजेवर असेल त्या दिवशीही वर्ग भरवावा, आणि अंग मोकळं करण्याचा भाग निवाशांपैकीच एकाने घ्यावा.