इंग्रजी कागद मराठीत करून घेण्याआधी

लिव्ह अँड लायसन्सचा करार, सोसायटीची नोटीस, नोकरीचं नेमणूकपत्र असे कागद आमच्याकडे भाषांतराला येतात, तेव्हा बहुधा आधी आमचा फोन येतो: "या वाक्यात तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?" काहींना वाटतं, यांना एवढं साधं इंग्रजी कळत नाही! पण घोटाळा बहुतेक वेळा साध्या वाक्यातच असतो. अवघड वाक्य वकीलसुद्धा दोनदा वाचतो.

उदाहरणार्थ, करारातलं हे कलम: 'लायसेन्सर शॅल रिपेअर डोअर्स अँड विंडोज डॅमेज्ड बाय रेन.' पावसाने खराब झालेल्या खिडक्या मालकाने दुरुस्त करायच्या, हे नक्की. दारांचं काय? वाळवी लागली तरी मालकानेच बघायचं, की दारंही पावसानेच फुगलेली हवीत? इंग्रजीत 'डॅमेज्ड बाय रेन' शेवटी येतं आणि दोन्हीकडे लागू शकतं. मराठीत 'पावसाने खराब झालेल्या' हे शब्द दारांच्या आधी घालायचे की नंतर, हे ठरवावंच लागतं. आधी घातले तर वाळवी लागलेल्या दारांचा खर्च भाडेकरूच्या गळ्यात, नंतर घातले तर मालकाच्या. तो निर्णय आम्ही परस्पर घेणार नाही.

दुसरा नमुना नोटिशीतला: 'ऑल फ्लॅट्स डू नॉट हॅव पार्किंग.' एकाही फ्लॅटला पार्किंग नाही, की सगळ्याच फ्लॅटना नाही, काहींना आहे? शब्दशः 'सगळ्या फ्लॅटना पार्किंग नाही' लिहिलं, तर भांडण मराठीतही तसंच राहतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम मिळत नाही त्यांच्या यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असे शब्द होते. वितरण हे वेगळं काम, की वितरणासाठी पॅकिंग? माल पोचवणारे पण पॅकिंग न करणारे ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर यावर कोर्टात गेले. २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. 'ऑर'च्या आधी एक स्वल्पविराम असता तर हे टळलं असतं.

मुदतीच्या वाक्यांना तर आम्ही हमखास अडवतो. '१ जूनपासून ७ दिवसांत' यात १ जून धरायचा का? केंद्रीय कायद्यांत 'फ्रॉम' आलं की पहिला दिवस सोडतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ तसं सांगतं. खासगी करारात मात्र सरळ तारीख लिहा: '८ जून संध्याकाळी ६ पर्यंत'. 'बायमंथली' तर टाळाच: महिन्यातून दोनदा, की दोन महिन्यांतून एकदा?

आमच्या शंका आम्ही व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवतो. उत्तर कागद लिहिणाऱ्याकडून आणा. एजंटच्या 'चालतंय हो'वर आम्ही काम पुढे नेत नाही. सही व्हायची असेल, तर मूळ इंग्रजी वाक्यही तेव्हाच दुरुस्त करून घ्या. सही झालेली असेल, तर आम्ही दोन्ही अर्थ तळटीपेत देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत, मात्र एक दिवस जास्त लागतो.