औद्योगिक पुरातत्त्वस्थळांवरील संरक्षक वास्तू

बंद पडलेले कारखाने, भट्ट्या, लोहमार्ग, गिरण्या इत्यादींचे अवशेष जागेवरच टिकावेत म्हणून त्यांच्यावर किंवा त्यांच्याभोवती उभारलेली छत्रे, भिंती आणि निचऱ्याची व्यवस्था म्हणजे संरक्षक वास्तू. इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले. ती झोतभट्टी १९५९ मध्ये मोकळी करून लोकांना पाहण्यास खुली करण्यात आली आणि पुढे तिच्यावर स्वतंत्र आच्छादन बांधले गेले. हे या प्रकाराचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. औद्योगिक वारशाविषयीची निझ्नी तागील सनद २००३ सालची असून, शक्य तोवर अवशेष मूळ जागीच राखावेत आणि केलेले बदल पूर्ववत करता यावेत, असे तिचे म्हणणे आहे.

नाशिक जिल्ह्यात अशा आच्छादनाचा विचार पावसापासूनच सुरू करावा लागतो. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावरील इगतपुरीत तो ३,००० मिलिमीटरच्या वर जातो. २०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला की १०,००० लिटर पाणी गोळा होते, आणि पन्हाळ नसेल तर ते पागोळ्यांच्या रेषेत, म्हणजे नेमके झाकलेल्या जोत्याच्या कडेला कोसळते. अवशेषाच्या डोक्यावर पडणारा पाऊस सर्वत्र सारखा पसरतो. छप्पर तेच पाणी एका ओळीत एकवटते. म्हणून छताच्या आकारापेक्षा पन्हाळ, उतार, चर आणि पाणी सोडण्याची जागा आधी ठरवणे श्रेयस्कर, जरी सादरीकरणाच्या चित्रात यांपैकी काहीच उठून दिसत नसले तरी. घाटात पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येत असल्याने पश्चिमेकडील बाजू उघडी ठेवून चालत नाही.

दुसरी अडचण पायाची असते. गोदाकाठची काळी जमीन ओली झाली की फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खांबांचा पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो, मात्र तो खणताना पुराव्याचे थर कापले जातात. आधीच उकरल्या गेलेल्या जागी मोजकेच खांब घेणे हा त्यातला मार्ग आहे, पण खांब कमी झाले की तुळया जड होतात. शिवाय हलके पत्र्याचे छत वाऱ्याने उचलले जाते, त्यामुळे त्याला खाली धरून ठेवणारे वजनही लागते.

अवशेषाचा पदार्थ कोणता, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. चुना मळण्याच्या घाण्याचे दगडी वर्तुळ पाऊस बऱ्यापैकी सोसते, परंतु ओतीव लोखंड दमट हवेतही गंजते. विटांच्या भट्टीत जमिनीतून चढलेले क्षार छपराखाली भिंत वाळू लागताच स्फटिकरूप घेतात आणि विटेचा पृष्ठभाग सोलून काढतात. म्हणजे छताने पाऊस थांबतो आणि ऱ्हासाची एक वेगळी तऱ्हा सुरू होऊ शकते. पूर्ण काचबंद आच्छादनात एप्रिल-मेच्या उन्हाने हवा तापते. सिसिलीतील पियात्झा आर्मेरिना येथील रोमन कुट्टिमचित्रांवरच्या (रंगीत तुकडे जडवून केलेल्या फरशीवरील चित्रांवरच्या) पारदर्शक आच्छादनाबाबत अशीच तक्रार होऊन अखेर ते बदलावे लागले. उंचावर झरोके ठेवले की उष्णता निघून जाते, पण त्यांना जाळी नसेल तर पारवे येतात आणि त्यांच्या विष्ठेने लोखंड व दगड दोन्ही खराब होतात.

प्राचीन स्थळांपेक्षा औद्योगिक स्थळांवर एक सोय अधिक असते. कारखान्याला बहुधा स्वतःचे छप्पर होतेच. तुळया शाबूत असतील तर त्यांवर नवे पत्रे चढवणे हे नव्या वास्तूपेक्षा स्वस्त आणि प्रामाणिक ठरते. मात्र जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता तपासावी लागते, आणि भिंतीवरची काजळी व तेलाचे डाग हेही कामाचेच पुरावे असल्याने ते घासून काढू नयेत.

कायद्याने मिळणारे संरक्षण अपुरे आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक किमान १०० वर्षांचे असावे लागते. १८६५ मध्ये खुला झालेला थळ घाटातील लोहमार्ग वयाच्या या अटीत बसतो. रावळगावचा १९३३ चा साखर कारखाना अद्याप बसत नाही.