घानात घटनाबदलाचं सार्वमत: मतदार कोण, कागद कोणते, कौल कधी ग्राह्य?

घानाच्या 1992 च्या राज्यघटनेतली काही कलमं एकट्या संसदेला बदलता येत नाहीत, त्यासाठी लोकांपुढे जावंच लागतं. कलम 55(3) त्यातलंच. जिल्हा सभांच्या निवडणुकीत पक्षांनी उमेदवार द्यायचे नाहीत, असं ते सांगतं. ते बदलायचं का, यावर 17 डिसेंबर 2019 ला देशभर सार्वमत ठरलं होतं.

मतदानासाठी घानाचं नागरिकत्व, 18 वर्षं पूर्ण, मानसिक सक्षमता आणि मतदारयादीत नाव लागतं. सार्वमतासाठी वेगळा अर्ज नसतो.

यादीत नाव घालायला घाना कार्ड (राष्ट्रीय ओळखपत्र) किंवा पासपोर्ट दाखवायचा. जन्मदाखला किंवा जुनं मतदार कार्ड 2020 च्या नव्या नोंदणीत चाललं नाही. सर्वोच्च न्यायालयानंही निवडणूक आयोगाचीच बाजू उचलून धरली. दोन्ही कागद नसतील तर यादीतले दोन मतदार हमी देऊ शकतात, मात्र एकाला दहापेक्षा जास्त जणांची हमी देता येत नाही. पुढे आयोगानं फक्त घाना कार्डच धरायचं म्हटलं, तेव्हा संसदेत कडाडून विरोध झाला. योग्यच झालं, खेड्यापाड्यातल्या माणसाला हमीचाच आधार असतो.

घटनादुरुस्तीचं विधेयक राज्य परिषदेकडे (राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाकडे) सल्ल्याला जातं, राजपत्रात छापलं जातं, मग सहा महिने थांबावं लागतं. संसदेत पहिलं वाचन झालं की सार्वमत.

खरी मेख पुढे आहे. एकूण मतदारांपैकी किमान 40 टक्क्यांनी मतदान करायला हवं आणि झालेल्या मतांपैकी किमान 75 टक्के बाजूनं पडायला हवीत. 2020 च्या यादीत सुमारे 1 कोटी 70 लाख नावं होती. म्हणजे किमान 68 लाख लोक केंद्रावर आणि त्यातले 51 लाख बाजूनं! गोव्यात 1967 च्या जनमत कौलाला साधं बहुमत पुरलं होतं. नवे प्रांत करायला घानात अट आणखी कडक: 50 टक्के मतदान, 80 टक्के होकार. डिसेंबर 2018 मध्ये सहा प्रांतांनी तीही पार केली. एवढ्या मोठ्या बदलाला एवढी कसोटी हवीच, असं मला ठामपणे वाटतं.

2019 चं सार्वमत मात्र झालंच नाही. एकमत होत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष अकुफो-आडो यांनी 1 डिसेंबरला ते रद्द केलं. जिल्हाप्रमुख लोकांनी निवडावा, यासाठी कलम 243(1) बदलायला संसदेचं दोन तृतीयांश बहुमत पुरतं, सार्वमत लागत नाही. पण तेही विधेयक तेव्हाच मागे घेतलं गेलं.