रोजच्या इंग्रजी शब्दांची मुळं

शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता आणि तो बदलत बदलत आजच्या अर्थापर्यंत कसा पोचला हे शोधणं म्हणजे व्युत्पत्ती. पुण्यात आपण दिवसभर बोलताना मसल, विंडो, क्लू असे शब्द पेरत असतो, आणि त्यांच्या पोटात शिरलं की एक गोष्ट सारखी दिसते, शब्द परका असतो पण आतलं चित्र आपल्या ओळखीचं निघतं.

मसल घ्या. लॅटिनमधे मूस म्हणजे उंदीर, गणपतीच्या पायाशी बसणाऱ्या मूषकाचा हा शब्द सख्खा भाऊच, आणि मूस्कुलुस म्हणजे छोटासा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली जे टुणकन वर येतं ते रोमन लोकांना उंदरासारखं वाटलं. आता आपल्याकडे पहिलीतलं पोरगं बाही खांद्यापर्यंत सरकवून, हात वाकवून, श्वास रोखून लाल होत काय दाखवतं? बेडकुळी. कोणी बेटकुळी म्हणतं, पण आहे ती बेडकीच. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

विंडोचं तर मला फार आवडतं. इंग्लंडमधे व्हायकिंग लोक येऊन राहिले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला विंडाउगा हा शब्द तिथे रुजला, विंड म्हणजे वारा आणि आउगा म्हणजे डोळा, म्हणजे वाऱ्याचा डोळा. तेव्हा खिडकीला काचबिच काही नव्हती, हवा यायला ठेवलेली मोकळी जागा एवढंच. आणि आपला गवाक्ष? गो अधिक अक्ष, गाईचा डोळा. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात माळ्यावरच्या छोट्या गोल झरोक्यातून उन्हाचा कवडसा खाली येताना बघितला की दोन्ही शब्द एकदम पटतात.

क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थीसियस चक्रव्यूहासारख्या भुयारी वाड्यात राक्षस मारायला जातो, तेव्हा अरिअ‍ॅडनी त्याला सुताचा गुंडा देते आणि ते सूत धरून तो बाहेर येतो, तिथून गुंड्याचा अर्थ उकल करणारी खूण असा झाला. आपल्याकडे तपासात पोलिसांच्या हाती काय लागतं, धागेदोरेच ना! डिझास्टरमधे वाईट तारा बसलाय, म्हणजे ग्रह फिरले. कँडिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला, कारण रोममधे निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला अंगरखा घालून मतं मागायचा. लॉर्ड हा जुन्या इंग्रजीत पावाचा राखणदार होता आणि लेडी पावाची कणीक मळणारी. एवढे भारदस्त शब्द, पण निघाले स्वयंपाकघरातून.

काही शब्द मात्र आपल्याकडूनच तिकडे गेलेत. वेताळ टेकडीवर सकाळी झुडपातून सुळकन जाणारं मुंगूस इंग्रजीत मंगूस झालं, आणि हा शब्द मराठीतून आलाय असं इंग्रजी कोश सांगतात. त्याचा गूसशी म्हणजे हंसाशी काही संबंध नाही म्हणून अनेकवचन मंगूसेस होतं, मंगीस नाही. तुळशीबागेत बाळासाठी जी डंगरी घेतो ती मुंबईच्या डोंगरीची, तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रज त्या नावाने ओळखायचे आणि पुढे त्या कापडाच्या पँटलाच ते नाव चिकटलं. डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत थांबायचे, बोटी फक्त हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या, बोट चुकली की उन्हाळा, पावसाळा, हिवताप आणि करायला काही काम नाही, माणसं अक्षरशः भ्रमिष्ट व्हायची. त्याला ते डूलॅली टॅप म्हणायचे, टॅप म्हणजे ताप. आपण हा शब्द विनोदी म्हणून ऐकतो पण त्यामागे घरापासून तुटलेली पोरं आहेत. आणि पुण्याचं स्वतःचं उदाहरण म्हणजे बॅडमिंटन, १८७० च्या दशकात इथल्या लष्करी छावणीत हा खेळ इतका रुजला की त्याला पूना असंच म्हणायचे, आताचं नाव इंग्लंडमधल्या बॅडमिंटन हाउस या वाड्यावरून पडलं.

यात एक काळजी घ्यावी लागते, गोष्ट जितकी गोड तितकी ती तपासायची. पॉश हा शब्द भारतात येणाऱ्या बोटींच्या तिकिटांवरून आला, पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम म्हणजे जाताना बोटीची डावी बाजू येताना उजवी, याची आद्याक्षरं म्हणजे पॉश, ही गोष्ट सगळे सांगतात पण असं एकही तिकीट सापडलेलं नाही. सॅलरीचं मिठाशी नातं खरं आहे, पण रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच हातावर ठेवायचे याला पुरावा नाही.

पुरावा म्हणजे काय, तर शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या वाक्यात, कुठल्या अर्थाने आलाय याची नोंद. पुण्यात डेक्कन कॉलेजमधे १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम याच पद्धतीने चालू आहे, सुमारे १५०० ग्रंथांतून काढलेल्या लाखो चिठ्ठ्या तिथे कपाटांत खणाखणांत लावून ठेवल्यात. पहिला खंड १९७६ मधे निघाला, त्यानंतर बरेच खंड झाले आणि अजून 'अ' चालू आहे, एकेका शब्दाला एवढा वेळ द्यावा लागतो.