कायदा नांगराच्या काळातला, यंत्र आजचं

कोकणात शेतातून जुनं नाणं निघणं नवं नाही. सोपारा, चौल, दाभोळ ही बंदरं अनेक शतकं गजबजलेली होती. सातवाहनांच्या नाण्यांपासून चांदीची तार दुमडून पाडलेल्या लारीपर्यंत नाना तऱ्हेचं चलन या किनाऱ्यावर फिरलं. पुंजी गाडग्यात घालून पुरायची रीत होती. पुरणारा परतला नाही, तर ती तिथेच राहायची आणि पुढे कधीतरी नांगराचा फाळ खापराला लागायचा.

या सापडण्याभोवती भीतीही वाढली. धनावर राखणदार असतो, पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाला ते दिसतं, असं अजून बोललं जातं. त्यातून अघोरी प्रकार घडले. म्हणूनच महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

धनाचा मूळ कायदा मात्र 1878 चा, इंग्रजी अमदानीतला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धन बेवारस ठरलं आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, चौथा जमीनमालकाचा. सातबाऱ्यावर मुंबईकर भाऊबंदांसकट डझनभर नावं असली, की त्या चौथ्या हिश्शावरून काय होतं ते कोकणी माणसाला सांगायला नको.

सरकारने धन घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग मिळतो. मला हीच तरतूद सर्वांत दुबळी वाटते. तांब्याच्या नाण्याला तांब्याचाच भाव मिळणार असेल, तर माणूस कचेरीपेक्षा सोनाराकडे आधी जाणार.

हा कायदा झाला तेव्हा धातुशोधक यंत्र नव्हतं. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल यांनी तसं यंत्र वापरून पाहिलं, पण गोळी मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला त्याचा मोठा वापर झाला. आता ते घेऊन शेतात फिरणारे दिसतात. कोकणातल्या जांभ्या दगडात लोह भरपूर, त्यामुळे यंत्र उगाचच वाजत राहतं आणि शेतात खड्डे पडत जातात.

खड्ड्यातून नाणं हाती येतं, जागेची साक्ष जाते. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणला. आत एकात एक ठेवलेले करंडक, म्हणजे झाकणाच्या डब्या होत्या, सोन्याची फुलं होती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. तेच नाणं बाजारात सुटं आलं असतं, तर स्तूपाच्या काळाबद्दल त्याने काहीच सांगितलं नसतं. गाडग्याचंही तसंच आहे. त्यातल्या सर्वांत उशिराच्या नाण्यावरून ते केव्हा पुरलं याचा अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी सगळी नाणी एकत्र राहायला हवीत. आपल्याकडे ती आधी वाटली जातात, मग चिंच लावून घासली जातात. हिरव्या गंजाबरोबर झिजलेली अक्षरंही जातात.

1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवायला मनाई केली. शेतात यंत्र फिरवणाऱ्याने काय करावं, याचं उत्तर शोधायला मात्र आजही 1878 चाच कायदा उघडावा लागतो.