“टोचतंय!” : अंगावर कपडा सहन न होणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

आमच्या मुलांच्या कपड्यांच्या दुकानात येणारे बरेच पालक बोलायला सुरुवात करतात ती माफी मागतच. “काय सांगू, आमचं पोरगं फार हट्टी आहे. मोजा घातला की काढून फेकतं.” मग आम्ही मोजा उलटा करून बोटांवरून आडवी गेलेली शिवण दाखवतो. आपल्याला ती जाणवत नाही, कारण थोड्या वेळाने मेंदू अंगावरच्या कपड्याची दखल घेणं सोडून देतो. काही मुलांच्या बाबतीत ही दखल सहजी सुटत नाही. सकाळी टोचणारी शिवण दुपारीही तितकीच टोचते, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला ते नीट सांगता येत नाही. ते रडतं, किंवा मोजा फेकतं.

याला सेन्सरी प्रोसेसिंगची, म्हणजे मेंदूने संवेदनांचा अर्थ लावून त्यांना प्रतिसाद देण्यातली अडचण म्हणतात. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञ) जीन एअर्स यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत या विषयाची मांडणी केली. शाळेत शिकलेल्या पाच संवेदनांखेरीज आणखी दोन इथे फार महत्त्वाच्या ठरतात: कानाच्या आतल्या भागातून मिळणारी तोलाची जाणीव, आणि हातपाय कुठे आहेत, किती जोर लागतोय हे सांगणारी स्नायू-सांध्यांची जाणीव. एखाद्या मुलाला झोपाळ्यावर पाय जमिनीवरून सुटले की धडकी भरते, तर दुसरं दिवसभर गिरक्या घेऊनही थकत नाही. एकच मूल आवाजाला कान झाकतं आणि पडून खरचटलं तरी ढिम्म राहतं, असंही होतं. अशा मुलांच्या अंघोळीचं पाणी स्वतःच्या हाताने तपासा. ते गरम असल्याचं मूल सांगेल यावर विसंबू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण लेबल टोचतं म्हटल्यावर घाबरून आलेले पालक आम्ही पाहिलेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत, ही अडचण स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेली नाही. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) लक्षणांत धरलं जातं, पण ते एकटं लक्षण पुरेसं नसतं. ऑटिझम नसलेल्या मुलांतही ही अडचण दिसते.

विकत घेण्याआधी

आठवडाभर नुसतं बघा आणि वहीत लिहा: काय घातलं होतं, कुठे होतो, किती आवाज होता, झोप झाली होती का. कधीकधी कपडा निर्दोष असतो. सकाळची घाई, मिक्सरचा आवाज, रात्रीची अपुरी झोप हे सगळं साचून शेवटी शर्टावर निघतं.

कपडाच कारण असेल, तर आधी घरचाच कपडा उलटा घालून पाहा. शिवण बाहेर गेली आणि मूल शांत झालं, तर उत्तर फुकटात मिळालं. लेबल कात्रीने कापू नका. शिवणीत अडकलेली त्याची कड ताठ राहते आणि आधीपेक्षा जास्त टोचते. टाके हलकेच उसवून ते पूर्ण काढा. बोट फिरवून ओव्हरलॉकची (कापडाची कड दोऱ्याने गुंडाळणारी) शिवण तपासा. तिथे नायलॉनचा दोरा असेल तर त्याची कापलेली टोकं काट्यासारखी लागतात. नवा कपडा तीन-चारदा धुतल्याशिवाय घालू नका. खळ जाते आणि कापड मऊ पडतं. साबण मात्र नेहमीचाच ठेवा, वासावरूनही कपडा नाकारला जातो. आवडता कपडा सापडला तर पुढच्या मापाचाही घेऊन ठेवा. (हे आम्ही विक्रीसाठी सांगतोय असं वाटेल. दुसरीकडचा असला तरी घ्या.)

सैल कपडा सगळ्यांनाच बरा वाटतो असं नाही. हलका, भुरभुरता स्पर्श काही मुलांना नकोसा होतो, पण घट्ट दाब आवडतो. त्यांना अंगाबरोबर बसणारा बनियन चालतो. नखं कापण्याआधी एकेक बोट घट्ट दाबून धरणं, अंघोळीनंतर टॉवेलने घासण्याऐवजी दाबून टिपणं, यामागे हेच आहे. हात लावण्याआधी सांगा, आणि मागून येऊन लावू नका.

वजनदार पांघरुणाबद्दल

अंगावर दाब यावा म्हणून आत वजन भरलेलं हे पांघरूण आम्ही शिवतो, म्हणूनच सांगायला हवं. ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पांघरुणाने झोप वाढली नाही. मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र. तेव्हा आवडतं म्हणून घ्या, औषध म्हणून नको. तान्ह्या बाळासाठी ते मुळीच वापरू नये. मोठ्या मुलालाही ते स्वतःच्या हाताने सहज बाजूला सारता आलं पाहिजे. दमा, फिट्स किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सगळं अनावर झालं की

त्या वेळी समजूत घालू नका. तुमचं बोलणं हाही त्याच्यासाठी आणखी एक आवाज असतो. दिवे मंद करा, गर्दीतून बाहेर न्या, जवळ बसा आणि थांबा. हट्टाचं रडणं मागितलेलं मिळालं की बहुधा थांबतं. हे तसं थांबत नाही.

खाण्याचे पदार्थ कमी होत चालले असतील, वजन वाढत नसेल, झोप लागत नसेल, मूल नावाने हाक मारूनही बघत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलेनासं झालं असेल, तर आमच्याकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. कान तपासून घ्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाताना ती वही सोबत न्या.

आमचा कपडा मुलाने नाकारला तर परत आणा. धुतलेला, घातलेला, उलटा करून वापरलेलाही आम्ही घेतो. नेमकं कुठे टोचलं तिथे पेनने खूण करून आणलात, तर पुढचा तसा शिवणार नाही.