बेगोनिया घरी नेताना

गोव्यात बेगोनिया मे महिन्याच्या उन्हाने कोमेजतो, पण दगावतो बहुतेक जून-जुलैत. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बेगोनियाचं खोड रसाळ आणि मुळं बारीक. कुंडीत पाणी साचलं की बुंधा मऊ पडून कुजतो. म्हणून मिरगाआधीच कुंड्या बाल्कांवात किंवा ओसरीवर घ्या, पागोळ्यांखाली नको.

गंमत म्हणजे चोर्ला घाटात भर पावसात जंगली बेगोनिया गुलाबी फुलतो. तो असतो कातळावर, दरडीवर. पाणी तिथे थांबतच नाही. आपल्याला कुंडीत एवढंच साधायचं आहे.

अंगणातली तांबडी माती एकटी भरू नका, भिजली की ती घट्ट बसते. माती, कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) सारख्या भागांत घ्या, शिवाय त्यात थोडी नदीची जाड रेती मिसळा. कोकोपीट आधी धुवून घ्या, त्यात क्षार असतात. समुद्रावरची वाळू तर अजिबात नको. कुंडी मातीची बरी, आणि रोपाच्या मानाने लहानच. “झाड वाढेल” म्हणून मोठी कुंडी घेणारे पुष्कळ भेटतात. त्यात माती दिवसेंदिवस ओली राहते. कुंडीखालच्या बशीतलं पाणी ओतून टाका.

बोटाचं एक पेर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. सकाळी, पानं न भिजवता. कोवळं ऊन चालतं, दुपारचं पानं भाजतं. खत ऑक्टोबर ते मार्च, दर पंधरवड्याला पातळ करून. पावसात बंद.

जमिनीत लावायचा असेल तर वॅक्स (चकचकीत पानांचा, बुटका) किंवा केन (बांबूसारख्या पेरांच्या खोडाचा) जातीचा न्या. माडाच्या विरळ सावलीत, चिरे रचून उंच केलेल्या वाफ्यात तो चांगला रुजतो. रेक्स, म्हणजे रंगीत नक्षीदार पानांचा, मात्र कुंडीतच ठेवा. कंदाचा, मोठ्या फुलांचा बेगोनिया आम्ही विकत नाही. त्याला थंड हवा लागते, किनाऱ्यावर तो टिकत नाही.

पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, एक बुरशी. ती पानं काढून टाका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, वारा खेळू द्या. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानांत, त्याहून जास्त मुळा-कंदांत ऑक्झलेट हा दाहक क्षार असतो, चघळलं तर तोंडाची आग होते.

बुंधा कुजलाच तर झाड फेकू नका. केनची तीन-चार पेरांची निरोगी फांदी किंवा रेक्सचं एक धड पान आमच्याकडे आणा, त्यातून रोप करून देऊ.